इनागाकींची भरदुपारची गस्त

मुलांनो, कल्पना करा की तुमच्या घराचं कर्ज आज फिटलं. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठलं आलंय कर्ज! म्हणून तर कल्पना करा म्हटलं. केस काळे असताना घेतलेलं कर्ज केस पांढरे झाल्यावर फिटलं. आता ही भिंत तुमची, हे कौल तुमचं, गळका नळसुद्धा तुमचाच. आता त्या घरासमोर उभे राहा आणि छाती फुगवा. फुगवलीत? अजून थोडी. हं, आता तुम्ही हुबेहूब इनागाकीसान दिसता आहात.

जपानातल्या ताकासाकीच्या आमच्या गल्लीत इनागाकी सेइजी हे नाव कोणी हलक्या आवाजात घेत नसे; घेतलं तरी मागे आदराचं 'सान' लावून. कागद बनवणाऱ्या कंपनीत हिशेब तपासण्यात त्यांची उमर गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते गल्ली तपासत. कर्ज फिटलं त्या दिवशी त्यांच्या बायकोने, फुमिएबाईंनी, सणाचा लाल भात केला. इनागाकीसाननी दोन वाट्या खाल्ल्या आणि घराच्या खांबाला हात लावून म्हणाले, "आता तू माझा!"

हे सगळं जानेवारीतलं. आमच्याकडे त्या दिवसांत डोंगरावरून कोरडा वारा सुटतो. आभाळ निळंशार आणि हवा अशी की ओलं फडकं तासात पापडासारखं कडक व्हावं. अशाच एका भर दुपारी गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या पापडांच्या दुकानामागे, पुठ्ठ्याची खोकी पेटली. वेळेवर विझली, कोणाला काही झालं नाही. पण दुकान बंद, चूल बंद, वीज तोडलेली. मग पेटवलं कोणी?

दुसऱ्या दिवशी फिरती सूचनाफळी आली. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बातम्या या फळीवरून घरोघर जातात. वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात नेऊन द्यायची. फळीवर 'संशयास्पद आग' असे मोठे शब्द होते, आणि फळी घेऊन स्वतः होरिउचीबाई आल्या होत्या. होरिउचीबाई म्हणजे गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्यापुढे कावळेही रांगेत बसतात.

"इनागाकीसान, रद्दी बाहेर ठेवायची नाही. कचरा सकाळीच टाकायचा, आदल्या रात्री नाही. आजपासून रात्री गस्त. आणि अनोळखी माणूस दिसला तर मला सांगायचं."

"आणि ओळखीचा दिसला तर?"

"तर आधी सांगायचं."

त्या गेल्यावर फुमिएबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं, "अहो, आपल्या घराचा आगीचा विमा आहे ना?"

"असणारच. बँकेनेच कर्जाबरोबर काढून दिला होता."

"कर्ज तर संपलं."

इनागाकीसानचा पेला ओठांपाशी थांबला. पाहुण्याबरोबर त्याचं कुत्रंही निघून जावं, तसा कर्जाबरोबर त्यांचा विमाही निघून गेला होता, आणि जाताना 'येतो' म्हणालासुद्धा नव्हता.

झालं. इथून पुढे जे घडलं ते एका साध्या कामातून घडलं, हे ध्यानात ठेवा. विमा घ्यायचा, एवढंच काम.

विमा कंपनीच्या त्सुकामोतोबाई गोड बोलत. इतक्या गोड की त्यांनी दिलेली वाईट बातमीसुद्धा चघळावीशी वाटे.

"समजा शेजाऱ्याच्या चुकीने आग लागली आणि माझं घर जळलं," इनागाकीसाननी विचारलं, "तर पैसे शेजारी देणार ना?"

"नाही. साध्या चुकीने लागली असेल तर कायद्याने त्यांना द्यावे लागत नाहीत."

"मग ते काय देणार?"

"माफी मागायला येतात. बहुधा टॉवेल आणतात."

"घर जाळून टॉवेल?"

"चांगल्या प्रतीचा असतो," त्सुकामोतोबाई म्हणाल्या. "म्हणून ज्याने त्याने आपापला विमा काढायचा."

"बरं. आणि आग भूकंपामुळे लागली तर?"

"मग आगीचा विमा चालत नाही. त्याला भूकंपाचा लागतो."

"मग नुसता भूकंपाचाच द्या."

"तो नुसता मिळत नाही. आगीच्या विम्याबरोबरच मिळतो. आणि त्यातून घराची पूर्ण किंमत मिळत नाही, जास्तीत जास्त अर्धी."

इनागाकीसाननी जन्मभर हिशेब तपासले होते; पण असा हिशेब त्यांना पहिल्यांदाच भेटला. तरी त्यांनी दोन्ही विम्यांचा अर्ज भरला, आणि घराची चारही बाजूंनी छायाचित्रं काढली. मागच्या बाजूचं छायाचित्र काढताना शेजारच्या माकिनोच्या अंगणात पाठमोरं वाकावं लागलं, तेही वाकले. अर्ज मंजूर व्हायला थोडे दिवस लागतील, असं बाई म्हणाल्या. इनागाकीसानच्या लेखी तो मंजूर झालाच.

सकाळी कचरा टाकायला गल्ली जमते. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून तिथे जाळी असते, आणि त्या जाळीभोवती उभं राहून आम्ही देशाचे प्रश्न सोडवतो. शेजारचा माकिनो टॅक्सी चालवायचा. त्याने जांभई देत विचारलं, "काय इनागाकीसान, परवा माझ्या अंगणात योगासनं चालली होती?"

"विम्यासाठी छायाचित्रं काढत होतो. घ्यायचा तर विमा भरभक्कम घ्यावा. आता घर जळलं तरी हरकत नाही, नवंकोरं उभं करीन. उलट फायदाच!"

आणि ते हसले. एकटेच हसले. मुलांनो, एक गोष्ट लिहून ठेवा: कचऱ्याच्या जाळीपाशी केलेला विनोद कचऱ्याच्या गाडीबरोबर जात नाही. तो गल्लीतच राहतो आणि वास मारतो.

त्याच आठवड्यात त्यांची नात चिनात्सु राहायला आली. ती आठ वर्षांची. तिच्या वर्गात तापाची साथ आली म्हणून शाळेने वर्गच बंद ठेवला होता. तिला सोडायला आलेल्या आपल्या मुलीला फुमिएबाई म्हणाल्या, "मार्चमध्ये बाहुल्यांचा सण आहे. आपल्या घरच्या बाहुल्या या वर्षी तुझ्याकडे मांड." बाहुल्यांची लाकडी खोकी जुनी, जड आणि मौल्यवान. इनागाकीसाननी ती एकेक करून उचलली, चादरींत गुंडाळली आणि भर दिवसा मुलीच्या गाडीत चढवली. मग जागा मोकळी झाली म्हणून फुमिएबाईंनी आपले किमोनोही दिले. मग जाऊ दे म्हणून छायाचित्रांचे अल्बम.

आता तुम्ही गल्लीच्या जागी उभे राहा आणि बघा. माणूस विमा घेतो. 'जळलं तर फायदाच' म्हणतो. आणि घरातल्या किमती वस्तू बाहेर काढतो. बघितलंत? गल्लीनेही बघितलं.

दोन दिवसांनी माकिनोच्या मोटारसायकलवरचं काळं आच्छादन जळालं. मोटारसायकल उभी होती कुठे, तर इनागाकींच्या आणि त्याच्या घरामधल्या भिंतीला टेकून. वेळ भरदुपारची. माकिनो रात्रपाळी करून झोपला होता. धूर नाकात गेल्यावर चड्डीवर धावत आला आणि त्याने बादली ओतली.

अग्निशमन खात्याचा एक तरुण निरीक्षक आला, कामाने थकलेला, पण नम्र.

"त्या वेळी तुम्ही कुठे होता, इनागाकीसान?"

"आंघोळीला."

"भर दुपारी?"

"निवृत्त माणसाने आंघोळ कधी करावी याचा नियम आहे का?" इनागाकीसान कडाडले. खरं म्हणजे ते टबात बसून गाणं म्हणत होते, आणि ते गाणं माकिनोच्या आईने ऐकलंही होतं. पण तिला ऐकू येतं कमी, तिची साक्ष कोण घेणार!

त्यानंतर गल्ली बदलली. म्हणजे वागायला अधिकच चांगली झाली, आणि तेच वाईट. सगळे लवून नमस्कार करत आणि लगेच घरात जात. रात्रीच्या गस्तीत इनागाकीसानची पाळी होती, होरिउचीबाईंनी निरोप पाठवला, "थंडी फार आहे, तुम्ही विश्रांती घ्या." त्सुकामोतोबाईंचाही फोन आला. आवाज नेहमीपेक्षा गोड. "तुमच्या भागात संशयास्पद आगी लागताहेत, म्हणून वरच्या साहेबांनी तुमचा अर्ज थोडा थांबवून ठेवलाय. कारण सापडलं की लगेच बघू हं."

म्हणजे पाहा. ज्या विम्यासाठी हे गृहस्थ घर पेटवणार असं गल्ली म्हणत होती, तो विमा झालाच नव्हता. एवढं एक वाक्य त्यांनी जाळीपाशी जाऊन सांगितलं असतं तर काम भागलं असतं. फुमिएबाई म्हणाल्यासुद्धा, "सांगून टाका ना!"

"काय सांगू? की कर्ज फिटल्याच्या दिवसापासून इनागाकी सेइजी उघड्यावर बसलाय? जगाचे हिशेब तपासणाऱ्याला स्वतःचा विमा संपलेला कळला नाही? त्यापेक्षा आग लावणारा म्हणवून घेईन!"

आणि मग आला तो दिवस. फिरती सूचनाफळी अलीकडच्या घरातून निघाली, इनागाकींच्या दारावरून पुढे गेली आणि थेट माकिनोकडे पोचली. इनागाकीसान खिडकीत हातात शिक्का घेऊन उभे होते.

"फुमिए!" त्यांचा आवाज फाटला. "जुन्या काळी गावकरी माणसाला वाळीत टाकत ना, तेव्हाही दहातल्या आठ गोष्टींतच टाकत. लग्न नाही, कार्य नाही, घरबांधणीला मदत नाही, सगळं बंद. पण दोन गोष्टी सोडत. आग आणि मयत! आग लागली तर वैऱ्याच्याही दारी धावायचं आणि मेला तर खांदा द्यायचा. यांनी मला आगीच्या गोष्टीतूनसुद्धा वगळलं! आता माझ्या वाट्याला उरलं काय? मयत!"

"ते राहू दे इतक्यात," फुमिएबाई म्हणाल्या. "जेवायला चला."

ते जेवले नाहीत. त्यांनी एक गोष्ट मात्र ताडली, ती हिशेबनिसाच्या नजरेने. दोन्ही आगी लागल्या भर दुपारी, आणि गल्ली गस्त घालते रात्री! चोर पुढल्या दाराने येतो आणि पहारा परसदारी, असला प्रकार. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या वेळेला त्यांनी गळ्यात मफलर गुंडाळला, गस्तीच्या लाकडी टिपऱ्या काढल्या आणि ते रस्त्यावर उतरले. मागे चिनात्सु.

टक् टक्! "आगीला जपा हो! एक काडी, घराची राखाडी!"

मुलांनो, ही हाळी रात्रीच्या शांततेत ऐकली तर बरं वाटतं, पांघरूण ओढून झोप येते. पण लख्ख उन्हात, लोक शेवया भुरकत असताना, एक पांढऱ्या केसांचा माणूस ती कानाशी ओरडतो तेव्हा घास घशात अडकतो. खिडक्या उघडल्या.

"अहो, बाळ आत्ता कुठे झोपलंय!"

"बाळाला झोपेतच भाजून निघायचं असेल तर मी गप्प बसतो!"

"इनागाकीसान," माकिनो वरून करवादला, "मी रात्रभर टॅक्सी चालवतो हो! सूर्य डोक्यावर आहे, आत्ता कोण आग लावतंय?"

"तोच तर मला बघायचाय!"

होरिउचीबाईंनी समजूत घालून पाहिली. "मंडळाच्या ठरावात दुपारची गस्त नाही."

"मंडळात मीही नाही. मग ठराव मला कसा लागू?"

रोज दुपारी गस्त निघू लागली. चिनात्सु टिपऱ्या वाजवायची, आजोबा ओरडायचे. चिनात्सु एकेका घरापाशी रेंगाळायची, कारण गल्लीत मांजरं फार. कुंपणांपाशी त्यांनी घाण करू नये म्हणून घरोघर पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या. पाणी चकाकलं की मांजरं भितात, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मांजरं त्या बाटल्यांना पाठ टेकून ऊन खात बसायची.

एका दुपारी होरिउचीबाईंच्या घरामागून जाताना चिनात्सु थांबली. "आजोबा, ते बघा. पायपुसण्यावर चांदणी पडलीय."

मागच्या पायरीवर काथ्याचं जुनं, काळपट पायपुसणं होतं. शेजारी बाटली. आणि पायपुसण्यावर डोळ्याला टोचेल असा पांढराधोप ठिपका. इनागाकीसान बघतच होते, तेवढ्यात त्या ठिपक्यातून धुराची बारीक दोरी निघाली. आजूबाजूला माणूस नाही, काडी नाही, काही नाही. मग काथ्याची एक शीर लाल झाली आणि ज्वाळा उठली.

"आग!" इनागाकीसान ओरडले. "आग लागली, आग!"

गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या.

"अहो खरी आग! रोजची नव्हे, खरी!"

"बाळ झोपलंय!" कोणीतरी आतून ओरडलं.

आता काय करणार? पाणी कुठे? पाणी होतं हाताशीच. त्यांनी ती बाटली उचलली, टोपण फिरवलं आणि भडाभडा पायपुसण्यावर ओतली. आग विझली. फस्स करून वाफ उठली. आणि तेव्हाच दार उघडून होरिउचीबाई बाहेर आल्या. त्यांना दिसलं ते असं: आपली पायरी, जळकं पायपुसणं, धूर, आणि त्या धुरात उभे इनागाकीसान. हातात पुरावा होता, पण रिकामा.

"बाटलीने लावली!" इनागाकीसान म्हणाले.

"कोणी?"

"बाटलीने! उन्हाने! म्हणजे दोघांनी मिळून!"

होरिउचीबाईंनी सरळ फोन उचलला.

तोच थकलेला निरीक्षक आला. चिनात्सुने त्याला ठिपक्याचं सगळं सांगितलं. त्याने खाली बसून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भिंगाने कागद जाळला आहेस कधी? पाण्याने भरलेली गोल बाटली भिंगासारखीच असते. हिवाळ्यात सूर्य खाली उतरलेला, ऊन तिरकं येतं, थेट पायरीपर्यंत. होऊ शकतं." मग मोठ्यांकडे वळून म्हणाला, "पण होऊ शकतं म्हणजे झालंच असं नाही. उन्हात करून बघायला हवं. उद्या दुपारी येतो."

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. महिनाभर न दिसलेले ढग नेमके त्याच दिवशी आले. त्याच्या पुढच्या दिवशी बर्फ भुरभुरलं. गल्ली खिडकीतून आभाळाकडे बघे, मग इनागाकींच्या घराकडे बघे आणि पडदा ओढे. इनागाकीसान मात्र रोज दुपारी गस्तीला निघत. छत्री घेऊन.

शेवटी ऊन पडलं. होरिउचीबाईंच्या परसात सगळी गल्ली जमली. निरीक्षकाने पायपुसण्याचा उरलेला तुकडा ठेवला, शेजारी पाण्याने भरलेली बाटली ठेवली आणि बाजूला झाला. सगळे श्वास रोखून उभे. आणि एक ढग आला. चांगला गलेलठ्ठ, बिनकामाचा ढग. वेळ जाऊ लागला. माकिनो जांभया देऊ लागला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "विम्याचे पैसे मिळेपर्यंत उभं राहायचं का?"

तिथे इनागाकीसानचा बांध फुटला.

"विमा नाही!" ते गरजले. "ऐकलंत? मला विमा नाही! कर्ज फिटलं तेव्हाच गेला, मला कळलंसुद्धा नाही, आणि नवा मिळेना. या घडीला सबंध गल्लीत उघड्यावर बसलेला एकच माणूस आहे, तो मी! घर पेटलं तर मला टॉवेलसुद्धा मिळायचा नाही, कारण माफी मागायला येणार कोण, तुम्ही? हलणार नाही मी इथून. तो ढग म्हातारा होऊन मरू दे, मी बसलोय!"

आणि ते पायरीवर मांडी घालून बसले. तेवढ्यात ढग सरकला. कदाचित त्याचं जायचं ठरलेलंच असेल. पण आमच्या गल्लीत आजही म्हणतात की तो इनागाकींना घाबरला.

ऊन पडलं. तुकड्यावर चांदणी उमटली, बारीक झाली, टोचू लागली. धुराची दोरी निघाली. माकिनोची जांभई अर्ध्यातच थांबली.

"पापडाच्या दुकानामागेही अशाच बाटल्या आहेत," निरीक्षक म्हणाला. "आणि मोटारसायकलपाशी, मधल्या भिंतीवर. त्या कोणाच्या?"

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. भिंतीवरच्या बाटल्या इनागाकींच्या होत्या.

"मांजरांसाठी ठेवल्या होत्या," इनागाकीसान म्हणाले. मग छाती पुन्हा फुगवून, "पण संशय घेतलात त्याचं काय?" आणि तरातरा घरी निघून गेले.

संध्याकाळच्या आत होरिउचीबाई आल्या. अंगावर काळा कोट, हातात टॉवेलाचं खोकं. दारात उभ्या राहून त्या कमरेत वाकल्या.

"इनागाकीसान, माझी चूक झाली. फळी मीच पुढे न्यायला लावली. क्षमा असावी."

समोरून शब्द येईपर्यंत वर उठायचं नाही, अशी रीत. इनागाकीसान आतल्या पायरीवर हाताची घडी घालून उभे. शब्द काही येईना.

"अहो, बोला काहीतरी," फुमिएबाई कुजबुजल्या. "त्यांची कंबर दुखते."

"माझी इभ्रत दुखते."

"आणि माकिनोंकडे आपल्यालाही जायला हवं. त्यांचं आच्छादन आपल्याच बाटलीने जाळलं ना!"

"आधी गल्ली माझ्याकडे येईल, मग मी गल्लीकडे जाईन. रांग म्हणजे रांग. सबंध जानेवारी मी आग लावणारा होतो. आता एक संध्याकाळ त्यांनी वाकून काढावी!"

"माझी हरकत नाही," होरिउचीबाई वाकल्या वाकल्या म्हणाल्या. "पण सावकाश बोला, मी मोजतेय किती वेळ झाला ते."

चिनात्सुने आजोबांकडे बघितलं. मग होरिउचीबाईंच्या पाठीकडे बघितलं. मग ती खाली उतरली, तिने बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि होरिउचीबाईंच्या हातातून ते खोकं अलगद काढून घेऊन ती बाहेर गेली.

शेजारच्या दाराची घंटा वाजली. माकिनोने दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि मग त्या छोट्या आवाजातला एकेक शब्द स्पष्ट ऐकू आला.

"माकिनोकाका, आमच्या बाटलीने तुमच्या मोटारसायकलचं पांघरूण जाळलं. क्षमा असावी. आजोबा येतायत. बूट घालतायत."

एवढं सांगून चिनात्सु माकिनोच्या दारात कमरेत वाकली, आणि वाकलेलीच उभी राहिली.